एकच मॉडेल, सगळ्यांचं : बांधकामातला घोळ कागदावरच कसा सोडवायचा?

(शहापूर येथे अभियंते, ठेकेदार, पदविकेचे विद्यार्थी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)

पावसाची चिन्हं असतानाही तुम्ही इतके जण आलात. किन्हवलीहून, खर्डीहून, मुरबाडहून मंडळी आली आहेत. आभार.

आजचा विषय तसा संगणकाचा आहे, पण मी संगणकापासून सुरुवात करणार नाही. एका संडासाच्या पाइपापासून करतो. (हशा) हसू नका, आपल्या धंद्यातली निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या बाजूला, मुलींच्या एका वसतिगृहाचं काम चालू होतं. तळमजला आणि वर एक मजला. संस्थेचं नाव घेत नाही, ठेकेदाराचंही घेत नाही, कारण चूक कुणा एकाची नव्हती आणि त्या कामावर मीही होतो. झालं असं, की मूळ नकाशात सेप्टिक टँक विहिरीच्या बाजूला येत होती. आर्किटेक्टच्या ते लक्षात आलं. त्यांनी टँक दुसऱ्या बाजूला नेली आणि त्याबरोबर शौचालयांची रांग मीटरभर सरकवली. अगदी योग्य निर्णय. नवा नकाशा काढला, ईमेलने पाठवला.

आरसीसी कन्सल्टंट कल्याणला बसायचे. त्यांचं डिझाइन आधीच्या नकाशावर पूर्ण झालं होतं. नवा नकाशा आला, पण ‘शौचालय सरकलं’ एवढं एक वाक्य त्याबरोबर आलं नाही. त्यांना वाटलं, दरवाजे-खिडक्यांचा किरकोळ बदल असेल. प्लंबरकडे तिसराच नकाशा होता. कुणीतरी साइटवर मोबाइलने काढलेला फोटो. त्यावर तारीखच नव्हती.

फेब्रुवारीत स्लॅब पडला. पाऊस यायच्या आत छप्पर व्हायलाच हवं होतं. नंतर प्लंबर आला आणि म्हणाला, “साहेब, मला जिथून पाइप खाली सोडायचाय, तिथे बीम आहे.”

आता काय करणार? बीम फोडायचा नाही, हे बरं झालं की आम्हाला कळत होतं. मग पाइप स्लॅबखालून आडवा फिरवला. चार मीटर आडवा. संडासाच्या पाइपाला चाळीसाला एक उतार धरला तर चार मीटरला १०० मिलिमीटर उंची लागते. तेवढी जागा बीमखाली मिळाली नाही. मिळाली तेवढ्यात भागवलं. व्हायचं तेच झालं. पहिल्याच पावसाळ्यात पाइप तुंबला, खालच्या खोलीत गळायला लागलं, आणि वरची निम्मी शौचालयं कुलूप लावून बंद केली. जुलैच्या पावसात, रात्री, मुली टॉर्च घेऊन आवारातल्या जुन्या शौचालयात जात होत्या. दोन-दोन, तीन-तीन जणी मिळून, कारण एकटीला भीती वाटायची.

त्या कामातला प्रत्येक माणूस आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर होता. आर्किटेक्ट बरोबर, आरसीसीवाले बरोबर, प्लंबरही बरोबर. फक्त कागद तीन होते. आज मला जे सांगायचंय ते एवढंच, की बांधकामात नुकसान अज्ञानाने कमी होतं आणि वेगवेगळे कागद खरे मानल्याने जास्त होतं. सामायिक डिजिटल मॉडेल हे त्यावरचं औषध आहे. पण ते औषध कसं घ्यायचं ते कळलं नाही, तर नुसती महागडी बाटली घरात येते.

बिम म्हणजे काय, आणि काय नाही

याला इंग्रजीत ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात, थोडक्यात बिम. आपला स्लॅबखालचा बीम वेगळा. (हशा) मी गोंधळ टाळायला ‘मॉडेल’ असंच म्हणेन.

बहुतेकांना वाटतं मॉडेल म्हणजे थ्रीडी चित्र. बंगल्याच्या जाहिरातीत असतं तसं, झाडं, गाडी, निळं आकाश. ते चित्र झालं. मॉडेल वेगळं.

फरक असा बघा. ऑटोकॅडमध्ये तुम्ही भिंत काढता, तेव्हा संगणकासाठी त्या दोन समांतर रेघा असतात. ती भिंत आहे हे तुम्हाला कळतं, संगणकाला नाही. मॉडेलमध्ये तुम्ही भिंत ठेवता तेव्हा संगणकाला ठाऊक असतं की ही भिंत आहे, २३० मिलिमीटर जाड आहे, विटेची आहे, तळमजल्यावर आहे, तिच्यात एक दरवाजा आहे. दरवाजा भिंतीत बसलेला आहे. भिंत सरकवली तर दरवाजाही तिच्याबरोबर सरकतो. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन हे वेगळे काढायचे नसतात. ती त्याच एका मॉडेलची वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली दर्शनं असतात. त्यामुळे प्लॅनमध्ये खिडकी आहे आणि एलिव्हेशनमध्ये नाही, असं होतच नाही.

ही कल्पना आजची नाही. १९७५ साली चार्ल्स ईस्टमन या अमेरिकी प्राध्यापकांनी अशा संगणकीय इमारत-वर्णनाबद्दल लिहिलं होतं. बदल एकाच ठिकाणी करायचा आणि सगळ्या नकाशांत तो आपोआप उतरायचा, हीच त्यामागची कल्पना. तेव्हा संगणक तेवढे ताकदवान नव्हते. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलवरही असं मॉडेल उघडून बघता येतं.

एक छोटं गणित करू. समजा तुमचा स्लॅब १२ मीटर बाय ८ मीटर आहे, जाडी १२५ मिलिमीटर. काँक्रीट किती? १२ घनमीटर. आता कन्सल्टंट म्हणाले, जाडी १५० करा. काँक्रीट झालं १४.४ घनमीटर. म्हणजे २.४ घनमीटर वाढलं. एम-२० साठी घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट धरलं तर एकोणीस पोती वाढली. हे ठेकेदाराला लगेच कळतं, कारण पैसे त्याचे जातात. पण बघा, याच बदलाने आणखी दोन गोष्टी झाल्या. बीम-कॉलमवर सहा टन वजन वाढलं. आणि खालच्या खोलीची उंची राखायची म्हणून स्लॅबचा वरचा पृष्ठभाग २५ मिलिमीटर वर गेला, तर जिन्याचं गणित बदललं. जिना आधीच्या उंचीवर बांधला तर शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा इंचभर उंच होते. तुम्ही जुन्या इमारतींत बघितलं असेल, सगळे जण त्या एकाच पायरीला ठेचकाळतात. वर्षानुवर्षं. ती पायरी म्हणजे कुणीतरी कुणाला तरी न सांगितलेला बदल असतो.

मॉडेलमध्ये स्लॅबची जाडी बदलली की काँक्रीटचं माप बदलतं. आणि जिना त्या मजल्याच्या उंचीशी जोडलेला असेल तर जिन्यावर इशारा येतो. हे काम संगणक करतो. पण आरसीसीवाल्यांनी वाढलेलं वजन तपासलं का, हे माणसालाच विचारावं लागतं.

सातबारा आणि फेरफार

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मॉडेल सामायिक करायचं म्हणजे काय? एकच फाइल सगळ्यांना उघडून द्यायची आणि ज्याला हवं त्याने हवं ते बदलायचं? तसं केलंत तर आठवड्यात वाटोळं होईल.

आपल्याला एक उत्तम उदाहरण घरात आहे. सातबारा. सात म्हणजे गाव नमुना सात, हक्काची नोंद. बारा म्हणजे गाव नमुना बारा, पिकांची नोंद. जमीन एकच, पण तिच्याबद्दलची हक्काची आणि पिकाची माहिती एकाच उताऱ्यावर. बँक, सोसायटी, कोर्ट, खरेदीदार, सगळे तोच उतारा बघतात.

आणि तो बदलतो कसा? तुम्ही खरेदीखत केलंत म्हणून सातबारावर स्वतः नाव लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. तिला नंबर पडतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत असते. मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. मगच सातबारा बदलतो. आणि जुना फेरफार पुसला जात नाही. तीस वर्षांनीही काढून बघता येतो की हे नाव इथे कधी आणि कशामुळे आलं.

सामायिक मॉडेल नीट चालवायचं म्हणजे अगदी हेच करायचं. यासाठी २०१८ साली आयएसओ १९६५० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याचं नाव ऐकून घाबरू नका. त्यात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. मी त्यांना चार खोल्या म्हणतो.

पहिली खोली, चालू काम. इथे प्रत्येक जण आपापलं काम करतो. आर्किटेक्टचं अर्धवट डिझाइन इथे असतं, ते इतरांनी वापरायचं नाही.

दुसरी खोली, सामायिक. ‘माझं एवढं काम तपासून झालं, आता तुम्ही यावर तुमचं काम बेतू शकता’ असं म्हणून फाइल इथे ठेवायची. इतरांनी बघायची, हरकत घ्यायची. पण दुसऱ्याच्या फाइलमध्ये हात घालायचा नाही. हरकत त्याला कळवायची, दुरुस्ती त्यानेच करायची.

तिसरी खोली, मंजूर. इथलाच नकाशा साइटवर जातो. सेंट्रिंगवाला, सळईवाला, प्लंबर, वायरमन, सगळे फक्त इथलं बघणार.

चौथी खोली, संग्रह. जुनं सगळं इथे. फेकायचं नाही.

आमच्या वसतिगृहात काय चुकलं? आर्किटेक्टने पहिल्या खोलीतून फाइल थेट साइटवर पाठवली. मधली हरकतीची खोलीच नव्हती. म्हणजे फेरफार न करताच सातबारा बदलला.

टक्कर कागदावर होऊ द्या

दुसऱ्या खोलीत काय होतं ते जरा नीट बघू. आर्किटेक्टचं मॉडेल, आरसीसीचं मॉडेल, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांचं मॉडेल, विजेचं मॉडेल, ही सगळी एकावर एक ठेवतात. मग संगणक शोधतो की कुठे दोन वस्तू एकाच जागेत आल्या. याला क्लॅश म्हणतात. आपण टक्कर म्हणू.

टक्कर तीन प्रकारची असते. पहिली उघड टक्कर, बीममधून पाइप. दुसरी जागेची टक्कर. म्हणजे वस्तू एकमेकांना लागत नाहीत, पण वापरायला जागा उरत नाही. गच्चीवर टाकी बसली, पण झाकण उघडून आत उतरायला वर जागाच नाही. मीटरच्या पेटीसमोर कपाट आलं. तिसरी वेळेची टक्कर. जिथे पाड उभारायचा तिथेच विटा रचून ठेवल्यात. सेप्टिक टँकचा खड्डा खणायला जेसीबी पाहिजे, पण तोवर कंपाउंडची भिंत बांधून झाली आणि जेसीबी आत येत नाही. हे आपल्याकडे दर हंगामात होतं.

टक्कर व्हायचीच. पाच जण वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकाच इमारतीचा विचार करतायत, तर ती होणारच. प्रश्न एवढाच की ती पडद्यावर होऊ द्यायची की स्लॅब पडल्यावर. पडद्यावर ती पाच मिनिटांची बैठक असते. स्लॅब पडल्यावर कोअर कटिंगचं मशीन, भांडण आणि कुलूप लावलेली शौचालयं.

मात्र एक सावधगिरी. संगणक टकरांची लांबलचक यादी देतो. त्यातल्या कित्येक बिनमहत्त्वाच्या असतात. ती यादी घेऊन कुणीतरी बसायला हवं. कुठली खरी, कुणी सोडवायची, कधीपर्यंत, हे प्रत्येकीपुढे लिहायला हवं. हे न करता नुसती यादी ईमेलने फिरवली तर तिचंही ‘फायनल फायनल दोन’ होतं.

समृद्धीच्या दुसऱ्या टोकाला

आता तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं सांगताय. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना हे बंधनकारक केलं, हे खरं. पण आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे.

आपल्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा आपल्याकडचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरला, त्याच ११ डिसेंबरला मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण करून लोकार्पण झालं. त्या मेट्रोच्या कामात महामेट्रोने ‘फाइव्ह-डी बिम’ वापरलं.

फाइव्ह-डी म्हणजे काय? लांबी, रुंदी, उंची या तीन. चौथी मिती वेळ, म्हणजे मॉडेलमधला प्रत्येक खांब, प्रत्येक गर्डर वेळापत्रकातल्या कामाशी जोडलेला. पाचवी मिती पैसा, म्हणजे तोच खांब अंदाजपत्रकातल्या बाबीशी जोडलेला. खांब पूर्ण झाल्याची नोंद केली की वेळापत्रकही पुढे सरकतं आणि खर्चही दिसतो. आपण तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहितो ते इथे एकाच वस्तूला चिकटलेलं असतं.

नागपूरला याची गरज का जास्त होती? वर्धा रोडवरची ३.१४ किलोमीटरची डबल-डेकर रचना बघा. एकाच खांबावर मध्ये वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्या वर मेट्रो. खालचा रस्ता चालूच. गड्डीगोदामला तर चार थर आहेत. खाली रस्ता, वर रेल्वेमार्ग, त्याच्या वर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. महामार्गवाले वेगळे, रेल्वे वेगळी, मेट्रो वेगळी. अशा ठिकाणी ‘आमच्या नकाशात असं आहे’ हे वाक्य चालत नाही. एका खात्याने उंची हातभर बदलली तर बाकीच्यांचं सगळं बदलतं.

आणि इथे एक गंमत आहे. आपल्या गावातली शाळा चार थरांची नसते. पण खाती तेवढीच असतात. इमारत एका खात्याची, पाणी योजना दुसऱ्याची, वीज महावितरणची, समोरचा रस्ता आणखी कुणाचा. आकार लहान असला तरी मधले सांधे तेवढेच.

आपल्याकडे कसं सुरू करायचं

मग मुरबाडच्या छोट्या कामाला काय करायचं? मी चार गोष्टी सांगतो. यातल्या पहिल्या दोन फुकट आहेत.

एक. कामाच्या पहिल्या दिवशी ठरवा, की या कामाचा मंजूर नकाशा एकाच ठिकाणी असेल. एक सामायिक फोल्डर, त्यात चार उपफोल्डर, मी सांगितले ते. व्हॉट्सअॅपवर नकाशा पाठवायचा नाही. व्हॉट्सअॅपवर फक्त एवढं लिहायचं, की ‘मंजूर फोल्डरमध्ये नवीन नकाशा ठेवलाय, काय बदललं ते असं असं.’

दोन. फेरफार वही. साधी वही चालेल. नंबर, तारीख, काय बदललं, कुणी बदललं, कुणाकुणाला कळवलं, त्यांची सही. ‘शौचालय एक मीटर उत्तरेला’ एवढी एक ओळ आमच्या कामावर असती, तर मी आज तुम्हाला हा किस्सा सांगितला नसता.

तीन. मॉडेल. सगळी इमारत बारीकसारीक तपशिलासह करायची गरज नाही. पाया, कॉलम, बीम, स्लॅब, भिंती आणि ड्रेनेजचे मोठे पाइप एवढं केलं तरी आपल्याकडच्या बऱ्याचशा टकरा सापडतात. स्विच बोर्ड कुठल्या रंगाचा, हे मॉडेलमध्ये नको. किती तपशील हवा हे आधी ठरवा, नाहीतर विद्यार्थी खिडकीचा स्क्रू काढत बसतात आणि सेप्टिक टँक राहून जाते.

चार. वेगवेगळी सॉफ्टवेअर असली तरी चालतं, पण देवाणघेवाण आयएफसी या खुल्या प्रकारात करा. हा कुणा एका कंपनीचा नाही. २०१३ पासून आयएसओ १६७३९ म्हणून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आर्किटेक्टने एका सॉफ्टवेअरमध्ये केलं, आरसीसीवाल्यांनी दुसऱ्या, तरी दोन्ही एकत्र बघता येतं. खुलं का हवं? वसतिगृह पन्नास वर्षं उभं राहणार. सॉफ्टवेअरची कंपनी आणि तिचं लायसन्स तेवढं टिकेल का, याची खात्री कोण देणार?

साइटवर रेंज नसते, हे मला माहीत आहे. माळशेजकडे गेलात की फोन नुसता घड्याळ बघायला उरतो. म्हणून सकाळी निघताना मंजूर फोल्डर मोबाइलवर उतरवून घ्यायचं, आणि साइटवरच्या फळ्यावर लिहायचं, ‘आज चालू नकाशा क्रमांक अमुक, तारीख अमुक.’ गवंडी आणि सळईवाल्याला मॉडेल नको, त्याला त्याच्या कामाचा एक स्वच्छ कागद हवा. तो मॉडेलमधूनच काढून द्या. आणि त्याने सांगितलेली अडचण वर फेरफार वहीपर्यंत पोचवा. ‘साहेब, इथे सळई बसत नाही’ हे त्याला सगळ्यांत आधी कळतं.

मॉडेल काय करत नाही

आता दुसरी बाजू. मॉडेल मिलिमीटरमध्ये बोलतं, पण जागा तशी नसते. आपल्याकडे जमीन उताराची. एका कोपऱ्यात मुरूम लागतो, दुसऱ्यात काळा खडक. पाया खणल्यावर जे निघालं ते मॉडेलमध्ये परत टाकलं नाही, तर मॉडेल त्या दिवसापासून खोटं बोलायला लागतं. आणि खोटं मॉडेल जुन्या नकाशापेक्षा घातक, कारण ते जास्त खरं दिसतं.

दुसरं, मॉडेलमध्ये कायमची वस्तू असते. कॉलम असतो, गर्डर असतो. पण सेंट्रिंग, पाड, क्रेन, गर्डर उचलणारं यंत्र, ही तात्पुरती कामं बऱ्याचदा मॉडेलमध्ये घेतलेलीच नसतात. आणि माणसं त्यांच्याच खाली उभी असतात. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे आपल्याच तालुक्यात, सरळांब्याजवळ, समृद्धीच्या कामावर गर्डर लाँचर कोसळला आणि २० जण गेले. त्यातले कित्येक लांबच्या राज्यांतून आलेले होते. ती घटना मी मॉडेलशी जोडत नाही, तसं करणं चुकीचं होईल. मी फक्त एवढंच म्हणतो, की आपण ज्या वेळी ‘सगळं मॉडेलमध्ये आहे’ असं म्हणतो, त्या वेळी विचारलं पाहिजे, की ते बांधताना माणसं कुठे उभी राहणार, तेही त्यात आहे का? वेळेची मिती जोडली तर तात्पुरती कामंही त्यात दाखवता येतात. ती दाखवायला सांगणारा कुणीतरी बैठकीत लागतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न (एक ठेकेदार) : आम्ही छोटी माणसं. एवढी सॉफ्टवेअर कुठून आणायची?*

तुम्हाला मॉडेल बनवायचं नाही दादा, बघायचं आहे. बघायची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. बनवायचं झालं तरी फ्रीकॅड मोफत आहे, आणि ब्लेंडरवर बॉन्साय नावाची जोड बसवली की आयएफसीमध्ये काम करता येतं, तीही मोफत. शिकायला वेळ लागतो, हे मात्र खरं. चार-पाच ठेकेदारांनी मिळून पदविका झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी ठेवली तरी भागेल.

*प्रश्न (पदविकेची विद्यार्थिनी) : सर, मग ऑटोकॅड शिकायचं की नाही?*

शिकायचं. पण त्याआधी साइटवर दोन स्लॅब पडताना बघ. पाइपाला उतार का लागतो, सळईला कव्हर का लागतं, हे कळल्याशिवाय मॉडेल केलंस तर ते नुसतं चित्र होईल. टक्कर संगणक दाखवतो. ती सोडवायची कशी, पाइप सरकवायचा की बीममध्ये आधीच स्लीव्ह टाकायची, हे ज्ञान आपलंच लागतं.

*प्रश्न (एक शाखा अभियंता) : चूक निघाली तर जबाबदार कोण? आम्हाला तर मोजमाप पुस्तिकेप्रमाणे बिल काढावं लागतं.*

महत्त्वाचा प्रश्न आहे साहेब. प्रत्येक भागाला मालक हवा. आरसीसीचं मॉडेल आरसीसीवाल्यांचं, पाइपांचं प्लंबिंग कन्सल्टंटचं. म्हणूनच दुसऱ्याच्या फाइलमध्ये हात घालायचा नाही. आणि करारात आधीच लिहायचं, की मॉडेल आणि सही केलेला नकाशा यांत फरक निघाला तर कुठला धरायचा. हे लिहिलं नाही तर भांडण ठरलेलं. मोजमाप पुस्तिका राहणारच. मॉडेलमधलं माप डिझाइनचं असतं, पुस्तिकेतलं प्रत्यक्ष केलेल्या कामाचं. दोन्हींत फरक दिसला तर तो का, हे विचारता येतं. आज तो फरक दिसतच नाही.

*प्रश्न (एक ग्रामपंचायत सदस्या) : काम संपलं की सगळे निघून जातात. आम्हाला नंतर त्याचा काय उपयोग?*

ताई, खरं तर सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच. इमारत बांधायला दोन वर्षं लागतात, ती सांभाळायची पन्नास वर्षं. आज नळ गळायला लागला तर भिंतीत पाइप कुठून गेलाय हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून अर्धी भिंत फोडतात. काम ताब्यात घेताना मागा, की प्रत्यक्ष बांधलं तसं मॉडेल आयएफसीमध्ये द्या, त्याबरोबर छापील नकाशा द्या, आणि प्लास्टर करायच्या आधी काढलेले भिंतींचे फोटो द्या. पंप कुठल्या कंपनीचा, कधी बसवला, टाकी कधी धुवायची, ही यादी द्या. हे मिळाल्याशिवाय ताबापावतीवर सही करू नका. एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, एक शाळेत.

*प्रश्न (मागून) : त्या वसतिगृहाचं पुढे काय झालं?*

पावसाळा संपल्यावर दुरुस्ती केली. बाहेरच्या भिंतीला नवा पाइप घेतला, शौचालयं पुन्हा थोडी सरकवली, वर्षभराने सगळी सुरू झाली. तिथल्या वॉर्डनबाई मला म्हणाल्या होत्या, “तुम्ही एवढी शिकलेली माणसं, एकमेकांशी बोलत नाही का?” त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. आजचं हे सगळं व्याख्यान म्हणजे त्याच प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

तुमच्या पुढच्या कामाला फेरफार वही नक्की सुरू करा. मॉडेल सावकाश येऊ दे.